दुपारचं रक्त

वाकडच्या एका सोसायटीच्या गेटवर, रात्री साडेअकराला,
मी अंबादास बोद्धूलच्या बोटाला टोचलं.
तीन थेंब, एक काच.
तेवढ्यात एक डिलिव्हरीवाला नोंद न करता आत सुटला
म्हणून तो माझ्यावर जरा चिडलाच.

हत्तीरोगाचा जंत रात्रीच्या रक्तात शोधायचा, हा नियम:
पिल्लं दिवसभर फुप्फुसात दडून बसतात,
डासांच्या वेळेला कातडीखाली येतात.
डावा पाय घोट्यापासून सुजलेला,
आणि काच कोरी.
पाषाणच्या लॅबमध्ये मी ती तीनदा पाहिली.
चौथ्या दिवशी दात घासताना सुचलं:
हा माणूस अकरा वर्षं रात्रीचा झोपलेलाच नाही.

थेरगावातली खोली, दुपारचा एक.
पत्रा तापलेला, तोंडावर टॉवेल टाकून तो गाढ.
बायकोने, नरसम्माने, त्याचा हात उचलून माझ्या हातात दिला,
किल्ली द्यावी तसा.
या वेळी काचेवर सतरा निघाली.
रंग चढल्यावर जांभळी, बारीक,
कंटाळलेल्या साहेबाने मारलेल्या सह्यांसारखी.
सोलापूरहून त्याच्यासोबत आली असतील,
आणि इथे येऊन त्यांनीही नाइट ड्यूटी धरली.

लॅबमध्ये आमचे उंदीर आहेत.
काहींच्या रक्तातून आम्ही एक हाक काढून टाकली आहे,
इंटरल्यूकिन-पाच तिचं नाव;
ती उठली की गुलाबी दाण्यांच्या पेशी धावत सुटतात.
मला वाटलं होतं, हाक नसेल त्या घरात जंत माजेल.
तसं झालं नाही.
तिथे तो रेंगाळतो. वाढ सावकाश, पिल्लं उशिरा.
जिथे हाक मोठी, तिथे मात्र घाई:
जणू कुणी दार वाजवतंय,
पोरांना आधी बाहेर काढा.
साखर किती जाळायची, कात कधी टाकायची, गर्भ कधी धरायचा,
हे तो आमच्याच आरड्याओरड्यावरून ठरवतो की काय,
असं मी वहीत लिहिलं
आणि पुढे दोन प्रश्नचिन्हं काढली.
सरांनी त्यातलं एक खोडलं.

हे सगळं अंबादासला सांगायची गरज नव्हती.
पण गोळ्या द्यायला गेले तर त्यानेच विचारलं,
आणि रात्री एक वाजता गेटवर
बोलायला दुसरं कोण असतं?
ऐकून तो गळ्यातल्या शिट्टीशी चाळा करत राहिला.
म्हणाला, ‘ह्याचंबी तसंच हाय, मॅडम.
शिट्टी मारली की चोराला कळतंय वॉचमन कुठल्या कोपऱ्यात हाय.
मग तो दुसऱ्या कोपऱ्यातनं घाई करतो.’
‘मग मारता कशाला?’
‘नाही मारली तर सी विंगच्या मॅडम पगार कापाय लावतात.’

मग थोड्या वेळाने, पायाकडे बघत:
‘म्हंजे आता रक्ताला गप बस म्हणू का?’

माझ्याकडे उत्तर होतं तेही धड सुखाचं नव्हतं.
ही गोळी नुसत्या बशीत जंतावर टाकली
तर तो पोहत राहतो, मी पाहिलंय.
तिला अंगातलीच आरडाओरड लागते,
तीच, जिच्यावर तो आपलं पंचांग लावतो.
गप बसवलं तर औषधही आंधळं.
‘नका म्हणू,’ एवढंच मी बोलले.
‘बारा दिवस, जेवल्यावर. ताप आला तर घाबरू नका,
ती मेलेल्यांची असते.’

त्याने पाकीट मोजलं, शर्टाच्या खिशात ठेवलं,
आणि मला सोडायच्या आधी रजिस्टर पुढे ओढलं.
नियम म्हणजे नियम.
नाव: डॉ. मृण्मयी घाटपांडे. वेळ: १.२०.
‘कोणाकडे’ या रकान्यावर पेन धरून तो बराच थांबला.
मग लिहिलं: आत.

माझी स्कूटर वळली तेव्हा
मागून शिट्टी वाजली, लांब, दोनदा.